नवतप्यातले पाणी

पाचवीपासून दहावीपर्यंत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध मी निदान सात-आठ वेळा तरी लिहिला असेल. त्यात हिरवे गालिचे असत, इंद्रधनुष्य असे, कागदाच्या होड्या असत आणि शेवटी 'बळीराजा सुखावला' हे वाक्य न चुकता असे. ते वाक्य घातले की गुण बरे पडत. मी स्वतः त्या बळीराजाच्याच घरातली. तीन एकर कोरडवाहू वावर, एक बैलजोडी (तीही आता विकली), सावंगीच्या जुन्या वस्तीत टिनाचे घर. बाबांना मी कितीतरी पावसाळ्यांत जवळून पाहिले आहे. पाऊस आला की ते एकदा आभाळाकडे पाहतात आणि लगेच पायाखालच्या मातीकडे. टाचेने माती उकरून ओल किती खोल गेली ते बघतात. ते सुखावले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला आजवर सांगता आलेले नाही. पण निबंधात मात्र ते दर वर्षी सुखावत.

आमच्या गावाच्या नावातच कंसात 'मेघे' आहे. बाहेरगावचे लोक ऐकून म्हणतात, वा, काय काव्यमय नाव! त्यांना सांगावे लागते की तो ढग नव्हे, आडनाव आहे. सावंगी नावाची गावे आपल्याकडे पुष्कळ. कोणती सावंगी ते कळावे म्हणून कंस. ढगांशी आमचे नाते एवढेच. तसे वर्धा जिल्ह्याला दुष्काळी म्हणता येणार नाही. वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस आमच्याकडे होतो. पण त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. बाकीचे आठ महिने आभाळ कोरडे, आणि त्यातले एप्रिल-मे असे की दुपारी कुत्रेसुद्धा रस्ता ओलांडत नाही. अशा दिवसांत अचानक एखाद्या सायंकाळी वादळ सुटावे आणि तासभर पाणी कोसळावे, हा आमच्या घरातला किती मोठा प्रसंग असतो, आणि तरीही तो प्रसंग आम्ही मोकळेपणाने का साजरा करीत नाही, याविषयी मला या लेखात थोडे लिहायचे आहे.

आधी भाषेची एक गोष्ट. आमच्याकडे पावसाला पाऊस म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. 'पाणी येऊन रायलं', 'पाणी चांगलं झालं', 'पाणी दगा देऊन गेलं'. पाऊस हा शब्द मला शाळेत भेटला. 'पाऊस' म्हटले की खिडकी आठवते, चहाचा कप आठवतो, कविता आठवते. 'पाणी' म्हटले की गुंड, बादली, विहीर आणि पेरणी. पाऊस बघायचा असतो, पाणी भरायचे असते. मराठीच्या तासाला मी या दोन शब्दांवर पुष्कळ विचार केला आहे. आमच्या माणसांना रसिकता नाही असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. पण आमच्या घरात आभाळातून पडणाऱ्या वस्तूचे नावच गरजेवरून पडलेले आहे, आणि गरजेची वस्तू हाती आली की माणूस आधी ती मोजतो.

मराठी कवितेतही आमच्या वाट्याला फारसे काही आले आहे असे नाही. बालकवींची श्रावणावरील कविता सर्वांना पाठ असते, पण तो श्रावण. तोवर धरती हिरवी झालेली असते, माणूस निश्चिंत झालेला असतो. मेघदूत तर आमच्या विदर्भातूनच सुरू होते. ज्या रामगिरीवर यक्षाने मेघाला पाहिले तो रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातले रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले आहे. पण तो मेघ तरी काय करतो? आमच्या डोक्यावरून निरोप घेतो आणि उत्तरेकडे अलकानगरीला निघून जातो! आजही मे महिन्यात ढग येतात, गडगडतात आणि यवतमाळकडे किंवा हिंगणघाटकडे सरकतात तेव्हा मला त्या मेघाची आठवण होते. आमच्याकडचे काम झाल्यासारखा तो निघून जातो.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 साली, तो एकदा थांबला. आणि थांबला तो नेमका नवतप्यात.

नवतपा म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे नऊ दिवस, साधारणपणे 25 मे ते 2 जून. हे नऊ दिवस वर्षातले सर्वांत तापलेले समजले जातात, आणि ते तसे तापलेच पाहिजेत असा आमच्याकडे समज आहे. नवतपा तापला तर पुढे पाणी चांगले. नवतप्यात पाणी पडले तर नवतपा 'गळाला', मग मिरग कोरडा जाणार. म्हणजे ज्या दिवसांत माणसाला पावसाची सर्वांत जास्त आस असते, नेमक्या त्याच दिवसांत तो अपशकुन!

त्या वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर गेला होता, आणि आम्हीही काही फार मागे नव्हतो. आमच्या घरात टिनामुळे दुपारी भिंतीला हात लावला तरी पोळत असे. कूलर एकच, आणि त्याची टाकी दिवसातून दोनदा भरायची पाळी माझी. नळ येई तेव्हा प्यायचे पाणी आधी, वापरायचे नंतर आणि कूलरचे सर्वांत शेवटी. त्यामुळे कूलर पुष्कळदा नुसताच गरम वारा फेकी. रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून झोपत असू. मे उजाडल्यावर ढग येऊ लागले, पण आमच्या गल्लीवर थेंब पडेना. नुसता उकाडा वाढे. आईने तेवढ्यात कुरडया घातल्या, मुगवड्या घातल्या. अंगणात दोन बाजांवर धुतलेली लुगडी अंथरून ते सगळे वाळत पडले होते. पलीकडे कुडाजवळ गोवऱ्या रचून ठेवलेल्या.

वारा सुटला तो पश्चिमेकडून. आधी धूळ आली, एवढी की समोरचे घर दिसेना. मग शेजारच्यांचे एक टिन खडखडत गल्लीत येऊन पडले, आणि मागोमाग थेंब. मोठे मोठे, दूर दूर पडणारे. धुळीत एकेक थेंब पडला की रुपयाएवढा खड्डा होई. आजी आतूनच ओरडली, "कुरडया घ्या वं, कुरडया!" मी आणि धाकटी बहीण बाजा ओढू लागलो. लहान भाऊ चड्डीवर गल्लीत पळाला तो परत आलाच नाही. "दादीऽ गार पडून रायली, गार!" बहीण ओरडली. मला ती दादी म्हणते. गार कसली, हरभऱ्याएवढे चार-दोन दाणे होते. पण तिने ते ओंजळीत धरून मला दाखवले आणि दाखवता दाखवताच ते विरघळून गेले.

आई गोवऱ्या उचलत होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर गोणपाटाची खोळ. चार फेऱ्यांत ती चिंब भिजली. टिनावर पाण्याचा आवाज एवढा की घरात बोललेले ऐकू येईना. बाबा दारात उभे होते. पन्हळीखाली त्यांनी गंज लावला, तो भरला. बादली लावली, ती भरली. मग कूलरची टाकीच सोडवून आणून लावली. तीही भरली! मला फार हसू आले. ज्या टाकीने महिनाभर माझा जीव खाल्ला, ती आज फुकट भरली होती आणि आज तिची गरजच नव्हती.

आणि मग मी जे पाहिले त्यासाठी हा लेख लिहीत आहे. शेवटची गोवरी आत गेली. बाहेर काहीही राहिले नव्हते. आईने रिकामे टोपले हातात घेतले आणि ती पुन्हा बाहेर गेली. कुडाजवळ जाऊन उभी राहिली. टोपले डोक्यावर धरलेले नव्हते, ते हातात तसेच लोंबत होते. चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले. तीन मिनिटे असतील, चार असतील. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाते, पहाटे पाचला उठते. ती काम नसताना उभी राहिलेली मी तोवर पाहिली नव्हती. आजीने आतून विचारले, "काय राहिलं वं अजून?" आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "एक गोवरी पडली होती." आणि टोपले घेऊन आत आली. टोपले रिकामे होते. आजीने ते पाहिले की नाही, मला माहीत नाही.

वाचकहो, आमच्या घरात आनंदाला निमित्त लागते. नुसता आनंद हा आमच्याकडे गुन्हा नाही, पण तो उघड्यावर करायची गोष्टही नाही. लहान भाऊ गल्लीत नाचला तर चालते, कारण तो लहान आहे आणि मुलगा आहे. मी एकोणीस वर्षांची. मी नाचले असते तर संध्याकाळपर्यंत ते चार घरी कळले असते. आईने भिजायचे तर हातात टोपले हवे. बाबांनी भिजायचे तर खांद्यावर फावडे हवे आणि पाणी वावरात वळवायचे काम हवे. याच वेळी आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे मेडिकलचे विद्यार्थी खोल्या करून राहतात, तिथे गच्चीवर दहा-बारा मुले-मुली ओरडत होती, हात पसरून गोल फिरत होती, मोबाईलवर एकमेकांची चित्रे काढीत होती. 1990 मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हापासून सावंगीला देशभरातली मुले येतात. त्यांच्या आनंदाचा मला राग आला नाही. ती मुले रात्र-रात्र अभ्यास करतात, रुग्णालयात माणसे मरताना बघतात, त्यांनी नाचावे. मला एवढेच वाटले की गच्चीवरच्या पावसाला कोणी विचारीत नाही, 'तू कशासाठी आलास?' आणि आमच्या अंगणातल्या प्रत्येक थेंबाला मात्र आम्ही विचारतो, 'तू किती क्विंटलचा?'

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला सीमांत उपयोगिता शिकवतात. तहानलेल्या माणसाला पाण्याच्या पहिल्या पेल्याने जे समाधान मिळते ते दुसऱ्याने मिळत नाही, तिसऱ्याने त्याहून कमी. हा नियम पावसाला लावला तर मे महिन्यातल्या तासाभराच्या पाण्याचे मोल ऑगस्टच्या झडीपेक्षा किती तरी अधिक ठरेल. पण ते मोल पिकात मोजता येत नाही म्हणून आमच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. शून्य कशी? त्या रात्री आजी पाच वाजेपर्यंत सलग झोपली. महिन्याभरात प्रथमच. हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

आणि तो वास! काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत वीतभर काठी सहज जाते. त्या भेगांतून पहिल्या पाण्यानंतर जो वास येतो त्याविषयी मी ग्रंथालयात शोधले. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. मातीतले सूक्ष्म जीव 'जिऑस्मिन' नावाचे द्रव्य तयार करतात, त्या वासाचा मोठा भाग तेच. माणसाचे नाक या एका द्रव्याच्या बाबतीत फार तिखट आहे. एक लाख कोटी भागांत पाच-सहा भाग असले तरी ते ओळखते. त्या शास्त्रज्ञांच्या आधी कितीतरी वर्षे उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास काढून कुपीत भरून विकत होते. म्हणजे जी गोष्ट आमच्या अंगणात फुकट येते तिला बाजारात भाव आहे. हे मी आईला सांगितले तेव्हा तिने विचारले, "केवढ्याला?" पुन्हा हिशेब! पण या वेळी ती हसत होती.

आता माझ्या मताविरुद्ध जे बोलले जाईल ते मला ठाऊक आहे, कारण ते सगळे मी घरीच ऐकले आहे. अवकाळी पाणी म्हणजे काय खेळ आहे का? वीटभट्टीवर रचलेल्या कच्च्या विटा एका सरीत चिखल होतात आणि मजुरांची मेहनत वाहून जाते. ढीग करून ठेवलेले कुटार भिजते. आंबा झडतो, संत्र्याची फळे गळतात. लग्नाचा मांडव उडतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला कोणता शेतकरी विसरेल? गहू-हरभरा उभ्याचा आडवा झाला होता. शिवाय वीज. आपल्या देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत शेतात राबणारीच जास्त. म्हणूनच झाडाखाली उभे राहू नये हे मी भावाला बजावते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने काढलेले 'दामिनी' हे विजेची सूचना देणारे ॲप बाबांच्या मोबाईलमध्ये घालून दिले आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात जाऊन नाचा, असे मी म्हणत नाही. पण आमचे त्या दिवशी काय नुकसान झाले होते? चार-दोन कुरडया. त्या आम्ही दुसऱ्या दिवशी ओल्याच तळून खाल्ल्या.

नवतप्याच्या समजाचाही विचार केला पाहिजे. तो निव्वळ अडाणीपणा आहे असे मला वाटत नाही. जमीन तापते, तिथली हवा हलकी होऊन वर जाते, कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि समुद्रावरचे वारे ओढले जातात, हे भूगोलाच्या पुस्तकात आहेच. नांगरलेल्या जमिनीत दडलेले किडींचे कोष कडक उन्हाने मरतात हेही खरे. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले त्यात तथ्य होते. पण तो कमी दाबाचा पट्टा राजस्थान-पाकिस्तानच्या बाजूला असतो. सावंगीच्या अंगणात तासभर पाणी पडल्याने तो विझत नाही. मोसमी पावसाचे भवितव्य हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर ठरवतात, आमची बाज नव्हे.

आणि 2025 सालानेच याचा निकाल दिला. त्या वर्षी 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला, 26 मे रोजी मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी नवतपा तापलाच नाही. समजाप्रमाणे पुढे दुष्काळ पडायला हवा होता. हवामान खात्याने एप्रिलमध्ये देशभर सरासरीच्या 105 टक्के पाऊस होईल असे सांगितले होते, मेच्या अखेरीस ते 106 टक्के केले. प्रत्यक्षात 108 टक्के पडला. सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या गावांत शिरल्या. सोयाबीन पाण्यात कुजले. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. म्हणजे संकट आले, पण ते आजीने सांगितले त्याच्या बरोबर उलट्या दिशेने आले.

बाबांचे मात्र म्हणणे निराळे होते आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला. त्या रात्री सगळे भजे खात बसलो असताना (आईने कांद्याचे भजे केले होते, बेसन असेल नसेल ते सगळे काढून) बाबा म्हणाले, "पाणी चांगलं पडलं. पण हे पाणी आपलं नाही." मी विचारले, म्हणजे? ते म्हणाले, "ह्या पाण्यावर जो भुलला, त्यानं पेरलं. ज्यानं पेरलं तो मेला." त्यांच्या बोलण्यात अनुभव होता. मेमध्ये जोराचे पाणी झाले की माणसाचा हात तिफणीकडे जातो. बियाणे मातीत जाते, मग पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते, अंकुर करपतो आणि दुबार पेरणी. बियाण्याची पिशवी पुन्हा विकत, खत पुन्हा, आणि कर्ज मात्र पहिलेच अजून फिटलेले नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो. 2025 मध्येही पाऊस लवकर आला आणि मग मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. बाबांनी पेरले नव्हते. आमच्याच शिवारात काहींनी पेरले होते, आणि त्यांचे दोनदा पैसे गेले.

म्हणून आमच्याकडे आनंदाची भीती वाटते. आनंद झाला की माणूस घाई करतो आणि घाई केली की बुडतो, असे हे गणित आहे. आजीचा अपशकुन आणि बाबांचा हिशेब, दोन्हींच्या मुळाशी हीच एक भीती आहे. माझे मत या ठिकाणी बाबांपेक्षा वेगळे आहे, आणि ते मी त्यांच्याजवळ बोललेही आहे. पेरणी ही पेरणी आहे; ती ओल मोजूनच करावी. पण भिजण्यासाठी 75 मिलिमीटर कशाला हवेत? जे पाणी आपले नाही, आपल्या पिकाचे नाही, आपल्या कर्जाचे नाही, त्याच्यापासून आपल्याला काहीच नको असते. मग निदान त्याच्यासमोर तरी माणसाने मोकळे व्हावे! जून-जुलैच्या पावसात शेतकऱ्याचे घर कधीच निश्चिंतपणे भिजू शकणार नाही. तिथे प्रत्येक सरीला उत्तर द्यावे लागते. नवतप्यातले पाणीच आम्हाला तेवढे मोकळे मिळते, आणि नेमके तेच आम्ही अशुभ ठरवले आहे.

या गोष्टीला दुसरीही एक बाजू आहे. मागच्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी बाहेरच्या जिल्ह्यातल्या मुलींबरोबर होते. मी वर्ध्याची, शेतकऱ्याची मुलगी, हे कळल्यावर एकीने विचारले, "तुमच्याकडे खूप आत्महत्या होतात ना गं? तुमच्या घरी सगळे ठीक आहे ना?" तिच्या विचारण्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता, उलट तिने नंतर आपल्या डब्यातला लाडू मला दिला. तिचा तरी काय दोष? 2006 साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत वर्धा होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. माझ्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हापासून वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचे नाव आले की बहुधा त्याच संदर्भात येते. ते खोटे नाही. आमच्या ओळखीतही ते घडले आहे आणि त्यावर मी येथे लिहिणार नाही. परंतु ज्यांच्या घरी ते घडले त्यांच्याही घरी टिनावर पाणी वाजतेच ना? त्यांची पोरेही गारा वेचतातच ना? लेखक, पत्रकार, छायाचित्रकार येतात ते भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर उकिडवा बसलेला म्हातारा, एवढेच घेऊन जातात. तासभर थांबले असते तर कदाचित त्याच म्हाताऱ्याला कूलरची टाकी पन्हळीखाली लावताना त्यांनी पाहिले असते.

आम्ही जे पहिल्यांदाच महाविद्यालयात आलो आहोत, त्यांच्यावरही याची काही जबाबदारी येते असे मला वाटते. आपल्या वार्षिकात आमच्यापैकी जे लिहितात ते बहुधा दुःखच लिहितात. दुःख लिहिले की ते खरे वाटते आणि कौतुकही होते. ते लिहिलेच पाहिजे. पण आमच्या घरांतले हसू हे बाहेरच्यांना ठाऊकच नाही, आणि आम्हीही ते सांगायला लाजतो; जणू हसलो तर आमची मागणी कमकुवत होईल, कर्जमाफी रद्द होईल! मला दोन्ही हवे आहे. कापसाला भावही हवा, आणि माझ्या आईला हातात टोपले न घेता पाण्यात उभे राहता आले पाहिजे.

108 टक्क्यांचा आकडा मी आजीला वाचून दाखवला. नवतप्यात पाणी पडूनही पाणी कमी झाले नाही, उलट जास्तच झाले, हे तिला नीट समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मंग? बिघडलंच ना पाणी!" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाबा हसले. आई भाकरी थापीत होती. तिने मान वर न करता मला विचारले, "यंदा नवतप्यात कोणत्या दिवशी पडते, ते आहे का वं तुझ्या मोबाईलात?"

मी म्हटले, कशाला?

"काही नाही," आई म्हणाली. "कुरडया कधी घालाव्या ते ठरवतो."